इशारा वेळेवर, नोंद सुरक्षित

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर धगधगत्या झोतभट्ट्या उभ्या राहतात. परंतु पोलाद कारखान्यातील एक अत्यंत घातक शत्रू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तो म्हणजे झोतभट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइड.

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला. वायुशुद्धीकरण विभागातील वायू जलवाहिनीतून उलट पंपगृहाकडे आला. या दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. मदतीस धावलेल्यांनाही विषबाधा झाली.

जेथे माणसाची ज्ञानेंद्रिये अपुरी पडतात, तेथे माहिती तंत्रज्ञानाचे कार्य सुरू होते. त्याचे तीन टप्पे लक्षात ठेवावेत.

पहिला टप्पा जाणण्याचा. वायुमापक संवेदक हवेतील विषारी वायूचे प्रमाण सतत मोजतात. पाण्याचा दाब आणि वायूचे प्रमाण या दोन्ही नोंदी एकाच नियंत्रण कक्षात आल्या, तर दाब घटताच पुढील धोक्याची कल्पना येते.

दुसरा टप्पा कळविण्याचा. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत निवडलेल्या परिसरातील भ्रमणध्वनींवर एकाच वेळी इशारा देता येतो व त्यासाठी कोणाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. भारतात २०२३ साली या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. तथापि २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात दूरध्वनी सेवा कोलमडली होती, हे विसरून चालणार नाही. म्हणून भोंगा, ध्वनिक्षेपक आणि बिनतारी संच यांची जोड हवीच. शिवाय भोंगा वाजल्यावर कोणत्या दिशेने जावयाचे, याचा सराव नसेल तर उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

तिसरा टप्पा सावरण्याचा. संगणकीकृत बँकेतील खात्यांच्या नोंदींची प्रत दूरच्या पर्यायी केंद्रातही जतन केलेली असते. त्यामुळे एखाद्या शाखेची इमारत निकामी झाली, तरी ग्राहकाची ठेव सुरक्षित राहते व दुसऱ्या शाखेतून व्यवहार करता येतो. मात्र कर्ता पुरुष वा स्त्री अकस्मात गेल्यास त्या ठेवीपर्यंत कुटुंब किती लवकर पोहोचेल, हे बव्हंशी खातेदाराने आधी केलेल्या नोंदींवर अवलंबून असते.

यास्तव प्रत्येक ग्राहकाने आजच पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. खात्याशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे काय?
२. नामनिर्देशन केले आहे काय? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते.
३. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये ठेवल्या आहेत काय?
४. ११२ हा आपत्कालीन क्रमांक घरातील मुलांनाही पाठ आहे काय?

संकट केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. पण इशारा मिळण्याची आणि नोंद जपण्याची व्यवस्था मात्र आपल्या हाती आहे.