लोकल सिग्नलाबाहेर कां थांबते ?

आपल्या शाळेंत सकाळीं उशीरा येणाऱ्या मुलांचीं नांवें एका वहींत लिहून ठेवण्यांत येतात. ती वही आम्ही गेल्या पावसाळ्यांत सहज चाळली, तेव्हां कारणाच्या रकान्यांत एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आढळलें : "लोकल स्टेशनाबाहेर उभी होती." तळेगांव, आकुर्डी, पिंपरी येथून येणाऱ्या मुलांचें हें कारण खरें कीं सोयीचें, अशी शंका आम्हांस आली. तिचें निरसन व्हावें म्हणून आम्ही चार दिवस त्याच लोकलनें आलों. पैकीं दोन दिवस शिवाजीनगर सुटून मुठेवरील पूल मागें पडल्यावर गाडी थांबली, व बराच वेळ हालली नाहीं. चौथ्या दिवशीं आमच्याच शाळेचे दोन विद्यार्थी खालीं उड्या टाकून रुळांवरून स्टेशनाकडे चालूं लागले. आम्हीं हांक मारून त्यांस परत बोलाविलें. शेजारच्या रुळावरून लगेच एक गाडी धडधडत निघून गेली. स्टेशन इतकें जवळ असतां आपली गाडी कां अडते, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नव्हतें. तें या लेखांत सांगावयाचें आहे.

याचें उत्तर स्टेशनाच्या जागेपासून सुरू होतें. पुणें स्टेशन शहराच्या मध्यभागीं नाहीं. शनिवारवाड्यापासून तें अडीच-तीन किलोमीटर दूर पडतें. घाट चढून आलेला लोहमार्ग इंद्रायणीच्या खोऱ्यांतून तळेगांवास येतो, दापोडीजवळ मुळा ओलांडतो, संगमाजवळ मुठा ओलांडतो, आणि तसाच पूर्वेस सोलापुराच्या दिशेनें निघून जातो. जुन्या पेठा या रेघेच्या दक्षिणेस राहिल्या. खडकीची लढाई १८१७ सालीं झाली व त्यानंतर इंग्रजांनीं लष्कराची वस्ती शहराच्या पूर्वेस वसविली. तिला मात्र स्टेशन सोयीचें पडलें. पेठकरांस खरें जवळचें स्टेशन म्हणजे भांबुर्डें, आजचें शिवाजीनगर.

खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला. तेव्हां बोरघाटांत रूळ नव्हते. मुंबईहून निघालेल्या उतारूनें खोपोलीस उतरावें, पालखींत बसून किंवा तट्टावरून घाट चढावा, आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी, असा पांच वर्षें क्रम होता. घाटांतील मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं सुरू झाला, तेव्हां कोठें मुंबई व पुणें हीं रुळांनीं जोडलीं गेलीं. परंतु त्यापूर्वींच, म्हणजे १८५८ च्या डिसेंबरांत, पुण्यापुढील रूळ डिकसळपर्यंत गेले होते. म्हणजे पुणें हें शेवटचें स्टेशन अवघे सहा महिने होतें. मुंबईस बोरीबंदरावर रूळ इमारतीपाशीं येऊन संपतात. पुण्यास ते इमारतीच्या बाजूनें पुढें जातात. म्हणून तेथें कोणत्याही फलाटावर सपाटीनें चालत जातां येतें, तर येथें पहिला फलाट सोडल्यास पूल चढावा लागतो. पुणें हें वाटेवरचें स्टेशन आहे, आणि हीच आमच्या प्रश्नाची किल्ली होय.

सध्यांच्या इमारतीचें उद्घाटन २७ जुलै १९२५ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें झालें. तिचें तोंड दक्षिणेस, ससून रुग्णालय व कॅम्प यांच्या बाजूस आहे. पहिला फलाट इमारतीस लागून, व बाकीचे त्याच्या उत्तरेस समांतर. आज ते एकंदर सहा आहेत. पुढें चारच वर्षांनीं, १९२९ सालीं, कल्याणहून विजेची तार पुण्यापर्यंत आली, आणि १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन सुरू झाली. (या गाडीचा वाढदिवस पासवाले उतारू दरवर्षीं फलाटावर साजरा करतात. माणसाचा वाढदिवस विसरणारे आम्हीं पाहिले आहेत, पण हा कोणी विसरत नाहीं.) तार मात्र पुण्यास येऊन संपली, ती कित्येक दशकें पुढें सरकली नाहीं. सोलापुराकडे जाणाऱ्या गाडीचें विजेचें एंजिन येथें सोडवावें व वाफेचें, पुढें डिझेलचें, जोडावें लागे. तोंवर फलाट अडून राही.

अशा या स्टेशनावर १९७८ च्या मार्च महिन्यांत लोणावळ्याची लोकल सुरू झाली. अंतर सुमारें ६४ किलोमीटर, व दोन्ही टोंकें धरून आज स्टेशनें सतरा. लोकल विजेवर चालणारी आणि तार पुण्यापर्यंतच. तेव्हां तिनें पुण्यासच तोंड फिरवावें हें ओघानेंच आलें. वाटेवरच्या स्टेशनास अशा रीतीनें शेवटच्या स्टेशनाचें काम करावें लागलें. लोकलसाठीं वेगळे रूळ घातलेले नाहींत. मेल, मालगाडी व लोकल या तिन्ही त्याच दोन रुळमार्गांवरून धांवतात.

आतां पुढील गोष्ट कागदावर रेघा काढून समजून घ्यावी. आपल्या देशांत गाडी डाव्या मार्गानें चालते. लोणावळ्याहून पूर्वेस येणाऱ्या गाडीची डावी बाजू उत्तरेची. म्हणून येणारी गाडी उत्तरेकडील मार्गानें येते, व मुंबईकडे जाणारी दक्षिणेकडील मार्गानें जाते. लोकल उत्तरेकडील एखाद्या फलाटावर शिरली, तर शिरतांना कोणाच्या आड येत नाहीं. पण परततांना तिला दक्षिणेचा मार्ग गांठावयाचा असतो, आणि त्याकरितां येणाऱ्यांचा मार्ग आडवा कापावा लागतो. उलट तिला दक्षिणेकडील फलाट दिला, तर परत जाणें सोपें, परंतु येतांना जाणाऱ्यांचा मार्ग कापावा लागतो. कांहीं केलें तरी एकदां आडवें जाणें चुकत नाहीं. आणि एका गाडीस मार्ग दिला कीं त्यास छेदणारा दुसरा मार्ग देतांच येऊं नये, अशी सिग्नलांची व सांध्यांची परस्परांशीं जखडण केलेली असते. केबिनींतील मनुष्यानें मनांत आणलें तरी त्याला दोन्ही सिग्नल एकदम पाडतां येत नाहींत. लाल दिवा म्हणजे कोणाची दिरंगाईच, असें समजूं नये. पुष्कळदां त्याच क्षणीं दुसरी गाडी आपल्या पुढून आडवी जात असते.

शिवाय फलाट रिकामा हवा. चोवीस डब्यांची गाडी, एक डबा सुमारें २३ मीटरांचा धरला तर, अर्ध्या किलोमीटरहून लांब होते. ती सामान, पाणी व उतारू घेईपर्यंत फलाट तिचाच. लोकललाही चालकानें एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास चालत जाईपर्यंत थांबावें लागतें.

यावर कांहीं उपाय झाले आहेत. कांहीं लोकल शिवाजीनगराहूनच परतवितात, व लांब पल्ल्याच्या कांहीं गाड्या हडपसराहून सुटतात. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही शिवाजीनगरास व पुणें स्टेशनास येऊन पोंचली आहे. लोणावळ्यापर्यंत तिसरा व चौथा मार्ग घालण्याची योजना आहे. आमच्या मतें खरा उपाय तोच.

त्या दोन मुलांस आम्हीं शिक्षा म्हणून या सर्व रचनेचा नकाशा काढावयास दिला, आणि लोकल अडेल त्या दिवशीं फलाटांवर कोणत्या गाड्या उभ्या होत्या तें टिपून ठेवावयास सांगितलें. लोकल नेहमीं मेलगाडीमुळेंच अडते, असा आमचा समज होता व तसें आम्ही वर्गांत सांगितलेंही होतें. मुलांच्या टिपणांत निराळेंच निघालें : पुष्कळदां फलाट अडविणारी दुसरी लोकलच असते. तें टिपण आम्हीं वर्गांत वाचून दाखविलें. उशीराच्या वहींत आतां एक रकाना वाढविला आहे; त्यांत मुलें कोणत्या गाडीमुळें थांबावें लागलें तें लिहितात.