घड्याळ हाक मारील, धावून कोण जाईल?

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले हल्ली गावी येताना आईवडिलांसाठी स्मार्टवॉच आणतात. "पडलात तर हे घड्याळच फोन करेल," असे सांगून ते मनगटावर बांधून जातात. त्यामागची काळजी खरी आहे. पण नरखेड तालुक्यातल्या गावात, वस्तीत हे घड्याळ कोणाच्या कामाचे आहे आणि कोणाच्या नाही, हे कोणी समजावून सांगत नाही. गावोगावी फिरताना आम्हाला मनगटावर साधन असलेले वृद्ध भेटतात, पण संकटात कोणते बटण दाबायचे हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून यावेळी आरोग्य पानावर हा विषय घेतला आहे.

पडणे ही किरकोळ गोष्ट नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यात ६० वर्षांवरील माणसांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. हाड मोडणे हा एक धोका. दुसरा धोका म्हणजे पडल्यावर तासन्‌तास जमिनीवर पडून राहणे. एका अंगावर दबून राहिल्याने कातडीला जखमा होतात, स्नायू खराब होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, अंगातले पाणी कमी होते, थंडीत शरीर गार पडते. म्हणून पडण्यापासून मदत येईपर्यंतचा वेळ कमी करणे महत्त्वाचे. संकटसूचनेची सगळी साधने त्यासाठीच आहेत.

घड्याळाला कळते कसे?

महागड्या घड्याळात हालचाल आणि धक्का मोजणारी यंत्रणा असते. ॲपलने २०१८ साली आपल्या घड्याळात पडणे ओळखण्याची सोय आणली, नंतर इतर कंपन्यांनीही आणली. जोराचा धक्का बसला आणि त्यानंतर माणूस सुमारे एक मिनिट हलला नाही, तर ॲपलचे घड्याळ ३० सेकंद मोजते, मनगटावर ठोके देते, आवाज करते. तरीही उत्तर आले नाही, तर आपत्कालीन क्रमांकाला फोन लावते आणि आधी नोंदवलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवते.

बाजारात हजार-दोन हजारांना मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत ही सोय नसते. काहींत 'एसओएस' असे लिहिलेले असते, पण ते स्वतः फोन करत नाही, जवळच्या मोबाईलला करायला सांगते. तेव्हा विकत घेताना दोन प्रश्न विचारा. पडल्याचे हे आपोआप ओळखते का? आणि मोबाईल जवळ नसताना फोन लागतो का?

कोणाला कुठे अडते?

१) कामाने झिजलेले हात. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, संत्र्याच्या बागेत राबलेल्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी होते. काचेच्या पडद्याला असा स्पर्श नीट कळत नाही. अशा माणसाला बाजूला दाबायचे ठळक बटण असलेलेच घड्याळ द्यावे.

२) गोंदण. आपल्या जुन्या पिढीतील अनेक आयाबायांच्या मनगटावर गोंदण आहे. घड्याळ खालच्या बाजूने उजेड टाकून नाडी मोजते. गडद गोंदणामुळे तो उजेड अडतो आणि घड्याळ हातावर आहे की नाही, हेही त्याला कळेनासे होऊ शकते. तसे झाले तर आपोआप फोन लावण्याची सोय बंद पडू शकते. गोंदण नसलेल्या हातावर बांधून पाहावे.

३) अर्धांगवायू. घड्याळाचे बटण दुसऱ्या हाताने दाबावे लागते. चांगल्या हाताला घड्याळ बांधले, तर लुळा हात ते दाबणार कसा? म्हणून बटण दाबणारा हात मोकळा ठेवा. मात्र बधिर किंवा सुजलेल्या हातावर पट्टा सैल ठेवा आणि रोज खालची कातडी पाहा. कुष्ठरोगाने हात बधिर झालेल्यांनीही ही काळजी घ्यावी. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला घड्याळ बांधूच नये.

४) दृष्टी. मोतीबिंदू झालेल्याला इवलीशी अक्षरे दिसत नाहीत. अंध व्यक्तीला पडदा वाचून दाखवणारी सोय लागते. ती महागड्या घड्याळांत असते, स्वस्त घड्याळांत बहुधा नसते.

५) कर्णबधिर व मूक व्यक्ती. फोन लागला तरी पलीकडचा प्रश्न ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्यांच्यासाठी ठिकाणासह संदेश पाठवणारी सोय चालू करावी. '११२ इंडिया' या ॲपमधूनही न बोलता मदत मागता येते.

६) चाकाची खुर्ची वापरणारे आणि हळू पडणारे. भिंतीला धरून घसरत बसणे, बाजेवरून हळूच खाली सरकणे, हे पडणे घड्याळाला अनेकदा कळत नाही. उलट खुर्चीत जोरात बसले तरी कधीकधी ते उगाच ओरडते. आपोआप ओळखण्यावर पूर्ण विसंबून राहू नये.

आपल्या गावातली खरी अडचण

वरच्या अडचणी शहरातही आहेत. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो मुलासोबत वावरात किंवा नागपूरला जातो. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत चालते. फोन वावरात गेला, की घरी आबाजींच्या मनगटावर उरते ते फक्त वेळ दाखवणारे घड्याळ.

दुसरी अडचण चार्जिंगची. पडणे ओळखणारी बरीच घड्याळे रोज किंवा दिवसाआड चार्ज करावी लागतात. घरचे लोक ती रात्री चार्जिंगला लावतात. पण म्हातारी माणसे अंधारात लघवीला उठतात आणि पडतात ती रात्रीच. तेव्हा घड्याळ भिंतीजवळ आणि माणूस न्हाणीत! म्हणून सकाळी चहाच्या वेळी, माणूस बसलेला असताना चार्ज करावे आणि रात्री हातावरच ठेवावे. पाण्यात चालणारे असेल, तर आंघोळीलाही काढू नये.

तिसरी अडचण पत्त्याची. ११२ किंवा १०८ चा फोन थेट नरखेडला वाजत नाही, तो राज्याच्या कक्षात जातो. मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या गावांत मोबाईल कधीकधी पलीकडचा टॉवरही पकडतो. म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा, मग विहार, शाळा किंवा पाण्याची टाकी अशी खूण सांगा. हा मजकूर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळ चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

घड्याळ नसेल तर?

घड्याळ नाही म्हणून कोणी असहाय नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये संकटाचे बटण बंधनकारक केले. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरले, की संकटकालीन फोन लागावा, अशी ही सोय आहे. आपल्या फोनवर कोणते बटण आहे ते माहीतगाराकडून पाहून घ्या आणि त्यावर रंगाचा ठिपका लावा. उगाच दाबून पाहू नका, मदतकक्षाची लाईन अडते. दुसऱ्या एका बटणावर शेजाऱ्याचा क्रमांक लावून घ्या. फोन दोरीने गळ्यात असू द्या, कपाटावर नको.

विनातारेची दाराची घंटा हाही स्वस्त उपाय आहे. तिचे बटण आजीच्या गळ्यात किंवा बाजेच्या पायाला जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधावे, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोहोचतो. घंटा शेजारच्या घरात लावावी. बॅटरीवर चालणारी घंटा घेतली, तर वीज गेली तरी वाजते. यात वाचता येण्याची गरज नाही, भाषेची नाही, नेटवर्कचीही नाही.

हाक आल्यावर काय करावे?

पडलेल्या माणसाला खांद्याला धरून ओढून उठवू नका. आधी बोला, श्वास पाहा, डोक्याला मार आहे का पाहा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्या. हलवू नका, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा. शस्त्रक्रियेची शक्यता असल्यास खायला-प्यायला देऊ नका. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. ती कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तेच पहिले विचारतील. नरखेडहून नागपूर ८० किलोमीटरहून दूर आहे. घरात गेलेला अर्धा तास रस्त्यावर भरून निघत नाही.

हा हक्क आहे, भीक नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा माहिती-तंत्रज्ञान आणि रोजच्या वापराच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे ठरवले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सोयींपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचा हा अर्थ आपल्या दारापर्यंत आणणे आपल्याच हातात आहे.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये देते. त्यात चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांची नावे आहेत. संकटात हाक मारणारे साधनही त्यात यावे, अशी मागणी व्हायला हवी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत त्यातून गरजू घरांना घंटा देण्याचा ठराव मांडा.

विहारापासून सुरुवात

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडून होता आणि कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी कोणाच्या उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि संघाला परस्परांची सेवा करायला सांगितले. जो आता कामाचा उरला नाही, त्याच्याकडे कोण पाहते यावरून समाजाची परीक्षा होते.

म्हणून प्रत्येक विहाराने येत्या वर्षावासात एक वही करावी. वस्तीत एकटे राहणारे वृद्ध, अंध, कर्णबधिर, चालू न शकणारे, सिकलसेलचे रुग्ण, अशांची नावे त्यात लिहावीत. प्रत्येक नावापुढे जवळच्या तीन घरांचे मोबाईल क्रमांक, दाराची दुसरी किल्ली कोणाकडे, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या कोणत्या, हे असावे. महिला मंडळाने वाटून घेऊन रोज सकाळी त्या दारात एक हाक मारावी. मोवाडने ३० जुलै १९९१ चा वर्धेचा महापूर पाहिला आहे. स्वतः पळता न येणाऱ्यांची यादी आधी तयार असणे म्हणजे काय, हे या तालुक्याला वेगळे सांगायला नको.

घड्याळ घेता आले तर जरूर घ्या. पण त्यात क्रमांक भरताना पुण्याच्या मुलाच्या आधी शेजारच्या घराचा भरा. मुलगा फोन उचलेल, धावून शेजारीच येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!