बेडला हात लावण्याआधी

भाचेबुवा, फिटरचा दाखला घेऊन आलास, कानस सरळ चालवतोस हेही पाहिलं. आता स्क्रेपर शिकायचा म्हणतोस. शीक. पण हात लावण्याआधी काही गोष्टी कानात घालून ठेवतो. निम्म्या माझ्या उस्तादांच्या आहेत. १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली, तेव्हाच्या रशियन फिटरांच्या हाताखाली ते तयार झाले होते. बाकीच्या या रायपूरच्या तेलीबांध्याच्या उन्हाने आणि सिलतऱ्याच्या धुळीने मला शिकवल्या.

आपल्याकडे काय येतं ते आधी बघून घे. उरला, सिलतरा, भनपुरीच्या रोलिंग मिलचे रोल कातायचे जाडजूड लेथ. वर्कशॉपवाल्यांचे एचएमटीचे एलबी-१७, एनएच-२२. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे एंटरप्राइज. हरिहरचा कारखाना १९४१चा, एचएमटी १९५३ची, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोनच्या मदतीने बंगळुरात उभी राहिलेली. ही मशीन जुनी झाली म्हणून भंगारात टाकायची नसतात. उलट बिडाच्या ओतकामातले ताण इतक्या वर्षांत निवळलेले असतात, ते बीड आता जागचं हलत नाही. त्यावर खर्च केलेला दिवस फुकट जात नाही. नव्या स्वस्त मशीनबद्दल मी इतकं छातीठोक बोलणार नाही.

पहिला कानमंत्र: मशीन आलं की पहिले दोन दिवस स्क्रेपर पेटीतच राहू दे. पक्कं लेव्हल कर. ०.०२ मिलिमीटर प्रतिमीटरची स्पिरिट लेव्हल वापर, सुताराची नको. हेडस्टॉककडे, मध्ये, शेवटी, आडवी ठेवून बेडचा पीळ बघ. स्पिंडलमध्ये टेस्ट बार बसव, डायल लाव, सगळी रीडिंग वहीत उतरव. मालक घाई करेल, करू दे. काय झिजलं आणि काय नुसतं वाकडं बसवलंय हे कळल्याशिवाय जो खरवडायला बसतो, तो चांगला भाग खराब करून मोकळा होतो. फाउंडेशनचे बोल्ट नीट आवळले तर अर्धा पीळ निघतो, असं कितीतरी मशीनवर पाहिलंय.

लेव्हलवर एक जुनी गंमत. इथून धमतरीला जाणारी छोटी लाईन होती तेव्हा गाडी गेली की बुडबुडा थरथरायचा, आम्ही तेवढा वेळ बिडी ओढायचो. आता छोटी लाईन गेली, तेलीबांध्याच्या तलावाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, पण जीई रोडचे ट्रक आहेतच. बुडबुडा थांबेपर्यंत वाचू नकोस.

झीज कुठे शोधायची? चकजवळ. बहुतेक कामं आखूड असतात, सॅडल तिथेच येरझाऱ्या घालतं. टेलस्टॉक चालतो तो वे पुष्कळदा कमी झिजलेला असतो, हेडस्टॉकच्या बुडाखालचा भाग तर कोराच. रॅक बसवलेली बाजूही कधी घासली जात नाही. अशा न झिजलेल्या जागाच तुझे साक्षीदार. मोजमाप तिथून सुरू कर. झिजलेल्या जागेवरून मोजलंस तर सगळं काम त्या झिजेला समांतर होईल, आणि दिसायला सुंदर दिसेल, हेच वाईट.

मग विचार, झीज किती. एका हातात साधारण तीन-चार मायक्रॉन बीड निघतं. पाव मिलिमीटर खड्डा असेल तर हिशेब तूच कर. एवढं हाताने काढायच्या फंदात पडू नकोस, प्लॅनरवर किंवा बेड ग्राइंडिंगला धाड, आणि शेवटचं हाताला ठेव. बेड इंडक्शन हार्डन केलेला आहे का हेही आधी तपास. कोपऱ्यात कानस ओढ, सरकली तर हार्डन. त्यावर स्क्रेपर झिजवण्यात अर्थ नाही, तो ग्राइंडच व्हायचा. खरवडायचं ते सॅडल, ते मऊ असतं.

आता निळा. प्रुशियन ब्लू सरफेस प्लेटला किंवा स्ट्रेट एजला लाव, आणि खरवडायच्या भागाला तेलात कालवलेला शेंदराचा अगदी पातळ हात दे. नारिंगी भुईवर निळे ठिपके उठून दिसतात, डोळे थकत नाहीत. हा शेंदूर म्हणजे शिशाचा, मारुतीला लावतात तोच. देवाला चालतो, पोटाला नाही. जेवायच्या आधी साबणाने हात धू, तंबाखू मळत असशील तर या कामात सोडच.

निळा किती लावायचा यात अर्धी विद्या आहे. सुरुवातीला जाड, म्हणजे मोठे उंचवटे लवकर कळतात. काम जमत आलं की पातळ, आणखी पातळ, शेवटी नुसता धूसर. नवशिके जाड निळा लावतात, सगळीकडे ठिपके येतात, आणि खूश होतात. ते ठिपके निळ्याच्या जाडीचे असतात. बारीक बघ: जिथे दाब सर्वांत जास्त तिथला निळा दाबून बाजूला सरतो, मधोमध चकचकीत धातू दिसतो आणि भोवती निळं कडं. ते सर्वांत उंच. आधी तेच काढ. मग गडद निळे. फिक्यांना या फेरीत शिवू नकोस.

निळ्याआधी आणखी एक तपासणी आहे, ती पुस्तकं वाचणारेही विसरतात. भाग सरफेस प्लेटवर ठेव आणि एका टोकाला बोटाने आडवा ढकल. दुसरं टोक कुठून फिरतं ते बघ. मधूनच गरकन फिरला तर मध्ये पोट आहे. अगदी टोकाशी अडकून फिरला तर मध्ये पोकळ. दोन्ही टोकांपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर फिरला तर ठीक. दहा सेकंदांत कळतं, निळा खोटं बोलत असेल तर तिथेच पकडला जातो.

हाताचं आता. स्क्रेपरची मूठ कमरेच्या हाडाशी नाही, त्याच्या आतल्या मांसाशी टेकव, मध्ये जाड कापडाची गादी घे. ढकलायचं अंगाने, दोन्ही हात फक्त दाबायला आणि दिशा द्यायला. खांद्याने ढकलशील तर दुपारपर्यंत हात भरून येतील. टेबल कोपराच्या जरा खाली असू दे. आमच्या वेळी जुन्या कानशीचे दात घासून स्क्रेपर करायचे, तू कार्बाइडची टीप घे. तिची धार राखाडी चाकावर लावू नकोस, डायमंडच्या चाकावरच लाव. रफ कामाला टोकाची गोलाई मोठी, फिनिशला लहान. धार गेली की बीड कापलं न जाता घासलं जातं, आणि चकाकी फसवते.

एक फेरी एका तिरप्या दिशेने, पुढची तिला काटून. नेहमी एकाच दिशेने गेलास तर लाटा पडतात, स्क्रेपर थडथडायला लागतो. प्रत्येक फेरीनंतर ऑइल स्टोन हलकेच फिरव, कडेचा बर निघू दे, मग पुसून घे आणि शेवटी तळहात फिरव. कापडाला न सापडणारा कण तळहाताला सापडतो. बिडाची भुकटी फुंकू नकोस, नाकात जाते. ब्रशने झाड, तोंडाला फडकं बांध.

ठिपके मोजायला रशियन फिटर पत्र्यात पंचवीस मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापायचे. तीच सवय उस्तादांना, तीच मला. खिडकी कुठेही ठेव, आत लेथच्या वेवर वीसच्या आसपास ठिपके हवेत, सरफेस प्लेटवर आणखी जास्त. पण जास्त ठिपके म्हणजे चांगलं मशीन असं समजू नकोस. वाकड्या बेडवरही प्रत्येक इंचात वीस ठिपके आणता येतात. ठिपके दाखवतात की दोन पृष्ठं एकमेकांना भेटली. सरळ आहेत की नाही ते लेव्हल आणि डायल सांगतात.

प्लेटच खरी आहे का, असा संशय आला तर? हा प्रश्न १८४० मध्ये इंग्रज व्हिटवर्थने ग्लासगोच्या सभेत सर्वांसमोर सोडवला. दोन प्लेट एकमेकींना जुळतील, तरी एक फुगीर आणि दुसरी पोकळ असू शकेल. तिसरी घेऊन आळीपाळीने तिन्ही एकमेकींना जुळवल्या की फसवणुकीला जागा उरत नाही. त्याआधी लोक एमरी लावून प्लेट एकमेकींवर घासायचे, व्हिटवर्थने घासणं बंद करून खरवडणं लावून धरलं. तुझ्या सरावालाही हेच सांगतो. भंगारातून बिडाचे तीन सारखे तुकडे आण, हाताएवढे, आणि तिन्ही एकमेकांना जुळवून दाखव. गिऱ्हाइकाचं मशीन त्यानंतर.

आता उन्हाची गोष्ट, कारण ती पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही. मोजमापाचं तापमान जगभर २० अंश ठरलेलं आहे, १९३१ पासून. आपल्या शेडमध्ये मेअखेरच्या नवतप्यात ते दुपटीच्याही पुढे. सगळं सारखंच गरम असेल तर फार बिघडत नाही, लोखंडाला लोखंड जुळतं. घात होतो तो वर आणि खाली फरक पडला की. मीटरभर लांब, १५० मिलिमीटर उंच स्ट्रेट एज वरून फक्त एक अंश जास्त तापली तर ती सुमारे नऊ मायक्रॉन वाकते. म्हणजे तुझ्या दोन-तीन फेऱ्यांची मेहनत एका अंशात पुसली. म्हणून पत्र्याखाली आणखी एक छप्पर कर, कूलरचा झोत कामावर येऊ देऊ नकोस, स्ट्रेट एज लाकडी मुठीने धर. लोक म्हणतात हाताच्या उबेने पट्टी वाकते. रायपूरच्या मे महिन्यात उलट होतं, बीड आपल्यापेक्षा गरम असतं आणि आपला हात त्याला थंड करतो. निळ्याची शेवटची तपासणी सकाळी सहा ते आठ, दुपारी फक्त रफ काम. पट्टी आणि काम रात्रभर एकाच ठिकाणी राहू दे. पावसाळ्यात मात्र उलट काळजी, प्लेटला तेल लावून झाकल्याशिवाय घरी जायचं नाही.

क्रमही चुकवू नकोस: बेड, मग सॅडल, मग क्रॉस स्लाइड, मग गिब, टेलस्टॉक शेवटी. सॅडलची खालची बाजू टोकांना जास्त झिजते, कारण कीस तिथून आत शिरतो, मध्ये पोट राहतं आणि सॅडल डुलतं. ते सपाट केल्यावर मधला भाग दोन-तीन मायक्रॉन खाली ठेव, भार टोकांवर राहिला पाहिजे. बेड आणि सॅडल दोन्ही खरवडले की सॅडल खाली बसतं, हे ध्यानात ठेव. मग लीड स्क्रू आणि हाफ नट जुळत नाहीत. जेवढं गेलं तेवढं परत वर आणायला सॅडलखाली टर्साइटची प्लास्टिक पट्टी चिकटवतात, त्यासाठी पट्टीच्या जाडीतून गेलेलं वजा करून उरेल तेवढं बीड आधी कापावं लागतं. तेही खरवडूनच बसवायचं.

सगळं अगदी शून्यावर आणायचा हट्टही करू नकोस. टेस्ट बार मोकळ्या टोकाला ३०० मिलिमीटरवर थोडा वर आणि टूलच्या बाजूला असू दे, दोन शतांशांपर्यंत. जॉबच्या वजनाने आणि कापण्याच्या जोराने तो खाली आणि मागे जाणारच. टेलस्टॉक किंचित उंच, कारण तो झिजून खालीच उतरणार. फेस कापताना मध्ये पोकळ चालेल, फुगीर मुळीच नाही. फुगीर फ्लॅन्ज बसवलास तर तो मधोमध डगमगत राहतो.

आणि ते चंद्रकोरीसारखे नक्षीचे फटकारे, फ्लेकिंग. तेल धरायला ते चांगले, ग्राइंड केलेल्या गुळगुळीत वेवर अडखळतं तसं सॅडल त्यावर अडखळत नाही. पण जुनं मशीन विकत घ्यायला गेलास आणि सगळीकडे ताजी चंद्रकोर दिसली तर सावध हो. दलाल झिजलेल्या वेवर एका दुपारी नक्षी काढून देतात. ज्या मशीनवर चकजवळची नक्षी पुसली गेलीय आणि टेलस्टॉककडे अजून शाबूत आहे, ते निदान खरं बोलतं.

मशीन परत पाठवताना आधीची आणि नंतरची रीडिंग एका कागदावर शेजारीशेजारी लिही, ऑपरेटरला समोर उभा करून डायल फिरवून दाखव, त्याची सही घे. मालकाची सही पैशाची, ऑपरेटरची कामाची. त्याला सांग, बेडवर हातोडा-पाना ठेवायचा नाही, लाकडाची फळी ठेव. सॅडलच्या टोकांचे फेल्ट वायपर नवे घाल. सिलतऱ्याची काळी धूळ तेलात मिसळली की तिच्याइतकी झीज दुसरं काही करत नाही. त्या वायपरचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लिहू नकोस, सॅडलच्या कामात धर. वेगळे दिसले की मालक नेमके तेवढेच कापतो.