शाळेतील आरोग्यतपासणी आणि तिच्यापुढची वाट

फळ्यावरची अक्षरे मुलाला दिसत नाहीत, ते वर्गात सारखे पेंगते, खेळाच्या तासाला त्याला धाप लागते, या गोष्टी पुष्कळदा आईवडिलांच्या आधी वर्गशिक्षकाच्या ध्यानात येतात. परंतु ध्यानात येणे निराळे आणि निदान होणे निराळे. या दोहोंमधील अंतर सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने भरून काढावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाल्याची नोंद आहे. तथापि देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा अभिप्राय १९४६ मध्ये भोर समितीने दिला. १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली व पुढील वर्षी तिचा अहवालही आला. अहवाल लवकर आला. डॉक्टर शाळेपर्यंत पोहोचण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष गोष्ट होय. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, जीवनसत्त्वे व लोह यांची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब यांचा शोध घेणे, हा त्याचा हेतू. दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळेत एकदा जाते. विनाअनुदानित शाळांतील पालकांनी ही तपासणी आपल्या खर्चाने करवून घ्यावी, हे येथे सुचवावेसे वाटते. दृष्टिदोष शुल्क पाहून येत नाही.

तपासणीखेरीज आठवड्याला एक लोहयुक्त गोळी आणि ठरावीक दिवशी जंतनाशक गोळी शाळेतच दिली जाते. लोहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नये. तिने शौचाचा रंग काळसर होतो, त्यात भय नाही. एखाद्या मुलास मळमळ झाली की गावात अफवा पसरते आणि पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी नाकारतो. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी शाळेत येऊन पालकांशी चार शब्द बोलणे, हे कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडते. २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यविषयक प्रशिक्षण देण्याची योजना आहे, तिचाही येथे आधार होतो. फाटकाबाहेर मात्र शिक्षकाचा अधिकार चालत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. अतिरिक्त मीठ, साखर व चरबी असलेल्या पदार्थांची विक्री ५० मीटरच्या आत करण्यास २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे. टपरी हटविणे हे मुख्याध्यापकांचे काम नव्हे, तेथे शासकीय यंत्रणेनेच उतरले पाहिजे.

परंतु खरा प्रश्न तपासणीनंतर उभा राहतो. मुलाच्या हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज आढळला म्हणजे पथक संदर्भ चिठ्ठी देते व मुलास उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, आवश्यक तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविते. ती चिठ्ठी घरी जाते. वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे लागणार, शिवाय शस्त्रक्रिया या शब्दाची धास्ती. ऊसतोड कामगारांच्या घरी तर दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते आणि मूल कारखान्याच्या तळावर जाते. शाळेच्या दप्तरी ‘संदर्भित’ ही नोंद तेवढी राहते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. आमच्या हिशेबात पावती आल्याखेरीज येणे रक्कम जमा धरीत नाहीत. तद्वत तपासलेल्या मुलांचा आकडा कितीही मोठा असला, तरी उपचार पूर्ण झालेल्या मुलांचा आकडा त्याच्या शेजारी छापल्याखेरीज तो ताळेबंद पुरा म्हणता येणार नाही.

येथेच आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचा संबंध येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शाळेतून आलेले मूल या खाटेचा हक्कदार ठरू शकते, हे बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते. देणगीदारांनी या निधीस दिलेली रक्कम खाट राखीव असूनही औषध वा उपकरण यांवाचून अडलेल्या उपचारास उपयोगी पडते. प्रवासखर्च मात्र या योजनेत बसत नाही. मूल येथवर पोहोचावे म्हणून त्याची तरतूद वेगळी करणे आवश्यक असून विश्वस्त मंडळाने तिचा विचार करावा, अशी विनंती आहे.

पालकांनी येताना संदर्भ चिठ्ठी, शिधापत्रिका आणि शक्य तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणून प्रथम समाजसेवा अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. कामासाठी गाव सोडताना चिठ्ठी शाळेत न ठेवता सोबत न्यावी. तळाजवळच्या सरकारी रुग्णालयात ती दाखविल्यास पुढील तपासणी तेथूनही सुरू करता येते.