बॅज खणात ठेवू नकोस

अकोला

चि. मुक्ता,

काल अमरावतीहून ताईचा फोन आला. तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणे, तू तो किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा टीएलडी बॅज टेबलाच्या खणात टाकून प्रयोगशाळेत जातेस. डोस जास्त दिसला तर काम काढून घेतील म्हणून. खोटं असेल तर माझा कान धर. खरं असेल तर, काऊन गं पोरी?

दिवाळीत तूच आलेख काढून दाखवलास. फ्रान्समधल्या ईटर या संलयन अणुभट्टीत उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या क्रोमियम-झिर्कोनियम घातलेल्या तांब्याच्या. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं दहा अणूंमागे सरासरी एखादा जागचा हलला, की दीडशे अंशांखाली तांबं कडक होतं आणि त्याचं लांबणं जवळजवळ संपतं. तीनशेच्या पुढं उलट मऊ पडतं. जन्मभर पंपाच्या मोटारी भरणारा मी, म्हटलं, कडक झालं तर बरंच की! तू हसलीस. "मामा, ताण आला की ते सगळीकडं सारखं ताणत नाही, बारीक पट्ट्यांतच घसरतं. वरून बघून काही कळत नाही."

मग तुझ्या अंगावर किती किरण पडले, ते वरून बघून कसं कळावं? त्याच तांब्यात कोबाल्ट-60 तयार होतो, निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं घेतो, हेही तूच सांगितलंस. वर्षाला 30 मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून 100, ही मर्यादा तोंडपाठ म्हणून दाखवलीस. आणि बॅज खणात!

मलाही नागपूरला मेटलर्जीला जायचं होतं. आबा गेले, दुकान गळ्यात पडलं. तुझा आलेख बघताना पोटात काय झालं, ते मामीलाही बोललो नाही. म्हणून तुझी घाई मला कळते. त्या तांब्याचे तुकडे मशीनवर ओढून बघायची पाळी आली आणि दुसऱ्याच कुणी ओढले, हे सोसत नाही. पण काम थांबलं तर थांबू दे. बॅज छातीवरच हवा.

लई रागावून लिहिलं. ताईनं रात्री जेवण केलं नाही, त्याचा हा राग. बॅजचा फोटो वगैरे पाठवू नकोस, तू हो म्हणालीस की झालं.

संक्रांतीला ये. गाडीला अकोला आधी लागतं, पण उतरू नकोस; आधी अमरावतीला जाऊन आईला तोंड दाखव. मग निवांत इकडं. मामी रोडगे करणार आहे, आणि तो आलेख मला पुन्हा एकदा समजावून सांग.

तुझा मामा