लहान डिजिटल कॅमेरा : नेहमीचे बिघाड आणि त्यांचे निदान

शाळा, ग्रामपंचायती, महसूल कार्यालये आणि असंख्य कुटुंबे यांच्या कपाटांत आज खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे पडून आहेत. २०१० साली जगभरातील कारखान्यांतून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाहेर पडले. त्यानंतर स्मार्टफोनमध्येच कॅमेरा आल्यामुळे ही संख्या झपाट्याने घटली आणि गावोगावची दुरुस्तीची दुकानेही कमी झाली. परिणामी, कॅमेरा एकदा बंद पडला की तो ‘निकामी’ ठरवून बाजूला ठेवण्याची रीत पडली आहे. वस्तुतः अशा कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांचा दोष किरकोळ असतो आणि तो घरच्या घरी ओळखता येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कॅमेरा गेला तर दुसरा मिळतो. परंतु कार्डातील पूरग्रस्त घराचे, वाहून गेलेल्या बांधाचे किंवा दिवंगत आजोबांचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. म्हणून बिघाडाचे निदान कोणत्या क्रमाने करावे आणि त्या वेळी कोणत्या चुका टाळाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कॅमेऱ्याची रचना

प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून प्रतिमा टिपणाऱ्या ‘सीसीडी’ या संवेदकाची कल्पना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी अशा संवेदकाच्या साहाय्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमहून अधिक होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या कॅमेऱ्याचे कार्य मूलतः तेच आहे. प्रकाश भिंगातून आत येतो, संवेदकावर पडतो, संवेदकाने दिलेल्या संकेतांपासून प्रक्रियक चित्र तयार करतो आणि ते चित्र मेमरी कार्डावर साठविले जाते. मागील पडदा ते आपणांस दाखवितो. या सर्वांना शक्ती पुरविते ती बॅटरी.

ही साखळी ध्यानात ठेवली म्हणजे निदान सोपे होते. ‘कॅमेरा बिघडला’ असे न म्हणता ‘साखळीची कोणती कडी तुटली?’ असे विचारावे. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. कॅमेरा सुरू करून पूर्वी काढलेली चित्रे पडद्यावर पाहावीत. ती स्वच्छ दिसत असतील, तर बॅटरी, प्रक्रियक, कार्ड आणि पडदा ठीक आहेत आणि दोष भिंगात अथवा संवेदकात आहे. जुनी चित्रेही दिसत नसतील, पण सूचनांची यादी उमटत असेल, तर संशय कार्डावर जातो. पडदा काळाच राहतो, परंतु बटण दाबल्यावर आवाज येतो आणि दिवा लागतो, अशा वेळी दोष पडद्याचा असण्याचा संभव अधिक. काहीच घडत नसेल, तर प्रथम बॅटरी तपासावी.

कॅमेरा सुरू होत नाही

काही कॅमेऱ्यांत पेन्सिल सेल वापरावे लागतात. कॅमेऱ्यास अल्पकाळात मोठा विद्युतप्रवाह लागतो. साधे स्वस्त सेल तो देऊ शकत नाहीत आणि अल्कलाइन सेलचा दाबही अशा भाराखाली लवकर उतरतो. म्हणूनच कॅमेऱ्याने नाकारलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे अनेक महिने चालतात. सेल नवे असूनही कॅमेरा दहा-बारा चित्रांनंतर बंद पडत असेल, तर कॅमेऱ्यास दोष न देता पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड जातीचे सेल वापरून पाहावेत. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे अल्कलाइनच्या १.५ व्होल्टपेक्षा कमी असला, तरी भाराखाली तो टिकून राहतो. काही कॅमेऱ्यांत सेलची जात निवडण्याची सूचना असते. ती योग्य ठेवावी. जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत.

सेल आत ठेवून कॅमेरा वर्षभर पडून राहिला, तर ते पाझरतात आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी जमते. ती अल्कधर्मी असते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब लावून ती पुसावी, नंतर किंचित ओलसर काडीने जागा स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. हात डोळ्यांस लावू नयेत.

लिथियम-आयन बॅटरी असलेल्या कॅमेऱ्यांत बॅटरीचे वय पाहावे. ती फुगलेली दिसल्यास भारित करू नये, टोचू नये, कचऱ्यात अथवा आगीत टाकू नये. ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. बॅटरी चांगली असूनही कॅमेरा सुरू होत नसेल, तर तिच्या कप्प्याचे झाकण पाहावे. अनेक कॅमेऱ्यांत त्या झाकणावर एक बारीक दांडी असते. ती मोडली की झाकण उघडे आहे असे समजून कॅमेरा सुरूच होत नाही.

भिंग अडकणे

सुरू करताच भिंग अर्धवट बाहेर येऊन थांबते, पडद्यावर भिंगाच्या दोषाची सूचना येते आणि कॅमेरा बंद होतो, ही तक्रार सर्वाधिक आढळते. कारणे मुख्यतः तीन : बॅटरी क्षीण असणे, नळीच्या फटीत वाळू किंवा धूळ शिरणे आणि कॅमेरा पडल्यामुळे आतील दाते सरकणे. प्रथम बॅटरी पूर्ण भारित करावी. नंतर भिंग जमिनीकडे वळवून रबरी फुंकणीने नळीभोवती हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातील बाष्प आत जाते. तेल किंवा वंगण कदापि सोडू नये. ते भिंगावर पसरते आणि वाळूस अधिक चिकटवून ठेवते. एवढे करूनही भिंग हलत नसेल, तर बळ न लावता कॅमेरा जाणकाराकडे द्यावा. समुद्रकिनाऱ्यावर कॅमेरा नेताना तो झाकणाच्या पिशवीत ठेवणे हाच या दोषावरील खरा उपाय होय.

भिंग अडकले तरी कार्डातील चित्रे सुरक्षित असतात. अनेक कॅमेऱ्यांत चित्रे पाहण्याचे बटण काही क्षण दाबून धरल्यास भिंग बाहेर न येता कॅमेरा सुरू होतो. नाहीतर कार्ड काढून संगणकास जोडावे.

मेमरी कार्डाचे दोष

कार्ड ‘संरक्षित’ असल्याची सूचना आली, तर कार्डाच्या कडेची बारीक सरकपट्टी पाहावी. ती कुलूपबंद बाजूस सरकली असेल, तर नवे चित्र नोंदविले जात नाही.

नवे कार्ड जुना कॅमेरा ओळखत नसेल, तर कार्ड खराब असेलच असे नाही. मूळच्या एसडी कार्डाची धारणा २ गिगाबाइटपर्यंत असते. २००६ साली आलेल्या एसडीएचसी प्रकाराची मर्यादा ३२ गिगाबाइट आहे आणि त्यापुढील कार्डे एसडीएक्ससी प्रकारची आहेत. नवा कॅमेरा जुने कार्ड वाचतो. जुना कॅमेरा नवे कार्ड वाचीलच असे नाही. कॅमेऱ्यावर केवळ ‘एसडी’ असे चिन्ह असेल, तर २ गिगाबाइट किंवा त्याहून लहान कार्डच घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पडद्यावर किंवा संगणकावर ‘कार्ड फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न आला, तर आतील चित्रे हवी असताना ‘होय’ म्हणू नये. चित्र पुसले जाते तेव्हा सामान्यतः त्याची केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. मूळ मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडले, तरी पुस्तक काही काळ फडताळातच राहावे, तसे हे आहे. त्यामुळे चुकून चित्रे पुसली गेल्यास त्या कार्डावर आणखी एकही चित्र काढू नये. कार्ड बाहेर काढून, फोटोरेकसारख्या विनामूल्य संगणक आज्ञावलीने, मिळालेली चित्रे दुसऱ्या ठिकाणी साठवावीत. मात्र अशा प्रयत्नास यश येईलच, असे नाही.

चित्र नोंदविले जात असताना कॅमेऱ्यावरील दिवा लुकलुकतो. त्या वेळी कार्ड किंवा बॅटरी काढल्यास अनुक्रमणिकाच बिघडते. दिवा विझेपर्यंत थांबावे.

चित्र अस्पष्ट अथवा काळे येणे

अस्पष्ट चित्र मोठे करून नीट पाहिले, तर कारण चित्रातच सापडते. सर्व वस्तू एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला आहे. मागची भिंत स्पष्ट आणि पुढचा चेहरा अस्पष्ट असेल, तर केंद्रीकरण चुकले आहे. स्थिर वस्तू स्पष्ट आणि धावणारी मुले तेवढी पुसट असतील, तर प्रकाश अपुरा असल्याने पडदी फार वेळ उघडी राहिली आहे. सर्व चित्रावर धुके व दिव्यांभोवती वलये असतील, तर भिंगावर बोटाचा तेलकट ठसा आहे. शेवटच्या दोषास मऊ स्वच्छ कापड पुरते. केंद्रीकरणासाठी बटण प्रथम अर्धे दाबावे, पडद्यावरील चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबावे. जमिनीचा उतारा किंवा प्रमाणपत्र जवळून टिपताना फुलाचे चिन्ह असलेली योजना निवडावी.

स्नेहसंमेलनात सभागृहाच्या मागील रांगेतून काढलेली चित्रे काळी येतात, याचा दोष कॅमेऱ्यावर येतो. लहान कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश साधारणतः तीन ते चार मीटरपर्यंतच उपयोगी पडतो. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. तिप्पट झाले की एकनवमांश. अशा वेळी जवळ जावे, किंवा फ्लॅश बंद करून कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवावा.

रात्रीच्या चित्रांत हवेत तरंगणारे पांढरे गोल दिसले की काही लोक त्यांचा संबंध भुताखेतांशी जोडतात. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी निकट असतो. भिंगासमोरील धूळकण किंवा पावसाचे थेंब त्याने उजळतात आणि फार जवळ असल्यामुळे वर्तुळाकार व अस्पष्ट उमटतात. फ्लॅश बंद करून तेच चित्र पुन्हा काढावे. गोल नाहीसे झाले, की खुलासा आपोआप होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

जुनी चित्रे नीट दिसतात, परंतु नवी चित्रे पूर्ण काळी, जांभळट किंवा वेडीवाकडी येतात, हा दोष बहुधा संवेदकाचा असतो. २००५ साली अनेक कंपन्यांनी आपल्या काही जुन्या कॅमेऱ्यांतील संवेदक उष्ण व दमट हवेत निकामी होत असल्याचे जाहीर करून ते त्या वेळी विनामूल्य दुरुस्त करून दिले होते. आज अशा जुन्या कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी दुरुस्तीचा अंदाज आधी घ्यावा.

पाऊस, दमटपणा आणि बुरशी

गोवा, कोकण व खानापूरच्या परिसरात पावसाळ्यातील दमट हवेमुळे भिंगाच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते. ती काचेवरील लेप कायमचा खराब करते. कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवीत ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, बॅटरी वेगळी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वातानुकूलित खोलीतून बाहेर येताना भिंगावर दव धरते. कॅमेरा पिशवीत बंद करून बाहेर न्यावा व तो बाहेरच्या तापमानास आल्यावरच उघडावा.

कॅमेरा पाण्यात पडला, तर तो सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. बॅटरी व कार्ड तत्काळ काढावे, पाणी निथळू द्यावे आणि कॅमेरा सावलीत हवेशीर जागी काही दिवस वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. कार्ड पुसून कोरडे केल्यावर त्यातील चित्रे बहुतेक वेळा मिळतात.

तारीख आणि पुरावा

बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचे अंतर्गत घड्याळ थांबते आणि तारीख मूळ पदावर जाते. घरगुती चित्रांत याने फारसे बिघडत नाही. परंतु पंचनाम्याच्या चित्रावर अनेक वर्षांपूर्वीची तारीख उमटली, तर नुकसानभरपाईच्या प्रकरणात विनाकारण शंका उपस्थित होते. म्हणून पाहणीस निघण्यापूर्वी तारीख व वेळ तपासावी. चुकीची तारीख उमटलीच, तर मूळ चित्रात फेरफार न करता ती बाब पंचनाम्यातच नमूद करावी. मूळ चित्रे जशीच्या तशी जतन करून कामासाठी प्रत वापरावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून दाखल करताना विहित प्रमाणपत्र आवश्यक असते, हेही संबंधित कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

एक गंभीर इशारा

कॅमेरा घरी उघडू नये. फ्लॅशसाठी आत एक संधारित्र असते. त्यातील विद्युतदाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. त्यास स्पर्श झाल्यास तीव्र धक्का बसतो. जिज्ञासू विद्यार्थ्यांना टाकाऊ कॅमेरा उघडण्यास देणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

सारांश, प्रथम बॅटरी, नंतर कार्ड, त्यानंतर भिंग आणि शेवटी संवेदक हा तपासणीचा क्रम ठेवावा. आणि तपासणीस हात घालण्यापूर्वी कार्डातील चित्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जुनी चित्रे स्वच्छ दिसतात, पण नवे चित्र काळे येते. साखळीतील कोणत्या कड्या निर्दोष आहेत?

२. फ्लॅशपासून दोन मीटरवरील मुलावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत सहा मीटरवरील मुलावर किती प्रकाश पडेल?

३. चुकून पुसलेली चित्रे परत मिळविण्यासाठी सर्वप्रथम कोणती गोष्ट थांबवावी आणि का?