औषधाचे नाव : मालकी कोणाची, जबाबदारी कोणाची?

सायली-सिल्वासा हा कारखान्यांचा परिसर. त्यामुळे ट्रेडमार्क हा विषय येथे उद्योजकांचा मानला जातो. औषधांच्या बाबतीत मात्र तो डॉक्टरांचा आणि रुग्णांचाही आहे.

एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा, यासाठीचे नाव अथवा चिन्ह म्हणजे ट्रेडमार्क. १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. औषधे ५ व्या वर्गात मोडतात. दादरा व नगर हवेली अहमदाबाद येथील नोंदणी कार्यालयाच्या कक्षेत येते. जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेले औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव मात्र कोणालाही आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदविता येत नाही.

नावांतील साम्य किती घातक ठरू शकते, हे 'फाल्सिगो' व 'फाल्सिटॅब' या खटल्यात दिसले. दोन्ही औषधे फाल्सिपॅरम मलेरियावरचीच. पण एकात आर्टेसुनेट, तर दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, औषधांतील गल्लत जिवावर बेतू शकते. म्हणून येथे नामसाम्याची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, एवढ्याने धोका टळत नाही.

बालरोगतज्ज्ञांना अधिक जवळचे उदाहरण जलसंजीवनीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात प्रतिलिटर १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. तथापि, याहून कितीतरी गोड पेये नावात 'ओआरएस' ही अक्षरे मिरवीत विकली जात. जुलाबाने सुकलेल्या बाळाची आई ती विश्वासाने पाजते आणि जादा साखरेने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात, ट्रेडमार्कचा भाग म्हणूनसुद्धा, 'ओआरएस' वापरण्यास मनाई केली.

यातून आपण घ्यावयाचा बोध :

१. जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे.

२. सारख्या उच्चाराची औषधे फोनवरून सांगू नयेत.

३. आईला जलसंजीवनीचे पाकीट प्रत्यक्ष दाखवावे. त्यावरील घटक वाचून दाखवावेत.

४. स्वतःच्या रुग्णालयाचे नाव ठरविण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदवहीत शोध घ्यावा.

नावाची मालकी कंपनीची असेल. पण त्या नावावर विश्वास ठेवणारे मूल आपल्या स्वाधीन असते, याचे भान आपण सर्वांनी ठेवावे, ही नम्र विनंती.